दोऱ्यांची फाइल आधी कुठे शोधायची

मला त्या प्रोग्रामची शिसारी आली होती. अजूनही पुरती गेलेली नाही. माणसाचा वीट येतो, अन्नाचा येतो, पण कॉम्प्युटरात लिहिलेल्या चार ओळींची किळस यावी, असं पूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बडोद्यात वाडी भागात आमचं भरतकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, आणि त्या खोलीत बारा सुयांचं कॉम्प्युटरचं मशीन. ते एवढं मोठं की आत आलेल्या माणसाला कडेकडेनं सरकावं लागतं. मी सातवीत शाळा सोडून पायाच्या मशीनवर शिवणकामाला बसलो होतो. उतारवयात हे भरताचं मशीन जुनं घेतलं, तेव्हा ते शिकली माझी बायको. मला त्या बटणांचा कंटाळा. मी कापड फ्रेममध्ये ताणून बसवायचं, उरलेले दोरे कातरायचे, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं. मशीन तिचं.

लोकांना वाटतं डिझाइनमध्ये रंग असतात. नसतात. सुई कुठे टोचायची आणि दोरा कुठे बदलायचा, एवढंच त्यात असतं. पोपट हिरवा की निळा, हे मशीनला ठाऊक नाही आणि त्याला फिकीरही नाही. ते आपण सांगायचं. बारा सुयांवर बारा रंगांचे दोरे ओवलेले असतात, त्यातली कुठली सुई आता चालवायची ते दर वेळी हातानं टाकायचं. बायकोचे डोळे दुखायला लागले तेव्हा मुलानं त्याच्यावर एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो एका कंपनीत हेच काम करतो. बायकोनं फक्त लिहायचं, अंग पोपटी, चोच लाल. मग प्रोग्राम एक फाइल उघडून बघणार की आपल्या मशीनवर पोपटी कितव्या सुईत आहे, लाल कितव्या सुईत आहे, आणि मशीनला तसे नंबर देणार. त्या फाइलीत दुसरं काही नाही. सुई आणि रंग, बारा ओळी.

त्या बारा ओळी बायकोनं सांगितल्या, मुलानं टाइप केल्या. पहिल्या सुईत पांढरा, कारण ती सुई भिंतीकडे आहे आणि रस्त्याची धूळ तिथे कमी पोचते. मरून, सोनेरी आणि बाटली-हिरवा मध्ये, तिच्या स्टुलावरून हात न लांबवता दोरा ओवता यावा म्हणून. आमच्याकडे तेव्हा जास्त करून मराठी बायकांचे ब्लाउजपीस यायचे, त्यांना हेच रंग लागायचे. लाल आणि केशरी यांच्यामध्ये काळा, कारण ट्यूबलाइटमध्ये तिला ते दोन्ही एकसारखे दिसायचे. एकदा ठरलं ते ठरलं. दोऱ्याचा कोन, म्हणजे मोठं रीळ, संपला की त्याच जागी त्याच रंगाचा दुसरा.

ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. तेराव्याला आलेल्या माणसांनी जिलेबी खाता खाता मला सांगितलं की सुटली बिचारी. तिला कुठे सुटायचं होतं? तिला दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. तोंडाला पाक लागलेला तो एक नातेवाईक अजून रस्त्यात दिसला की मी दुसऱ्या बाजूला वळतो.

तेराव्यानंतर मी घरात एकच सांगितलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत मशीनवरचा एकही दोरा जागेवरून हलवायचा नाही. वर्षभर आपण घरात मंगलकार्य करत नाही, तसंच हे. मुलगा बरं म्हणाला. सूनही म्हणाली, "सारुं पप्पा." सून गुजराती आहे. मराठी बोलते, पण मध्येच आपल्या भाषेत उडी मारते. सासूच्या हाताखाली ती मशीन शिकली होती आणि आता तीच चालवते. मी पूर्वीसारखा फ्रेम ताणत समोर बसतो. दुपारी घरी जाऊन जेवतो, पडतो, उन्हं कलल्यावर परत येतो.

मला त्या दोऱ्यांकडे बघून बरं वाटायचं. फोटोकडे बघवत नाही. फोटोला हार घालतात, उदबत्ती लावतात, त्यात ती दिसतच नाही. दोऱ्यांच्या रांगेत दिसायची.

तर नवरात्र तोंडावर आलं. करजणचा एक व्यापारी चणियाचोळी विकतो, घेरावर पोपटांची पट्टी भरायला त्यानं कापडाचा गठ्ठा आणून टाकला. काम घाईचं. डिझाइन त्याच्या पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह बघून मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. टोपण नाही, फटीत तंबाखूचा चुरा. सुनेनं पुसून कॉम्प्युटरला लावला तर आत कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ, भजनं, कुणाचं तरी आधार कार्ड, मेव्हण्याच्या मुलाचे मार्क, आणि त्या ढिगाऱ्यात आमचे पोपट.

सुनेनं रंग लिहिले, अंग पोपटी, चोच लाल, डोळा काळा, आणि मशीन चालू केलं. मी जेवायला गेलो. ती पुढच्या कापडांना अस्तर लावत बसली. मशीन एका दमात लांब पट्टी भरतं, दर वेळी मान वर करून कुणी बघत नाही. मी परत आलो तेव्हा पहिली लांब पट्टी भरून झाली होती आणि पोपट पांढरे होते. चोच हिरवी. डोळा केशरी. रोग लागलेल्या कोंबड्या दिसतात तसे ओळीनं बसलेले.

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आणि नेमका त्याच वेळी व्यापारी काम कुठवर आलं ते बघायला स्कूटरवरून उतरला. त्यानं पट्टी उचलली, उजेडाला धरली.

"काका, आ पोपट छे के कबूतर?"

मी म्हटलं, "दोरा चुकला. उसवून देतो."

"उसवून? टिकल्या लावायच्यात याला! कापडाला भोकं पडतील तर घालणार कोण, तुम्ही?"

"घालीन. तू ढोल वाजव."

तो हसला नाही. म्हणाला, "मासी होत्या तेव्हा असं कधी झालं नाही."

हे वाक्य त्यानं माझ्या सुनेसमोर म्हटलं. बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं. मी त्याला सांगितलं, नवं कापड आमचं, काम वेळेत मिळेल, आता निघ. तो गेला. सून रडली नाही, पण ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि स्क्रीनसमोर जाऊन बसली. म्हणाली, "मी बरोबर लिहिलंय, पप्पा. बघा. पोपटीच लिहिलंय." मला काय दिसणार? पण लिहिलेलं होतं.

संध्याकाळी मुलगा आला. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. पाणीगेटला एक भाई आहे, त्याचंही असंच मशीन. तो एकदा आमच्या दुकानात येऊन हा प्रोग्राम बघून गेला होता. बायको मुलाला म्हणाली होती, "देऊन टाक रे त्यालाही. त्याच्या घरात कोण आहे लिहून देणारं?" मुलानं देऊन टाकला. आता करजणच्या या माणसानं आपलं काही काम आधी पाणीगेटला दिलेलं. त्या भाईनं ते पेनड्राइव्हवरच चालवलं, आणि आपल्या सुयांची फाइल तिथेच, डिझाइनच्या शेजारी, ठेवून दिली. प्रोग्राम तोच, म्हणून फाइलीचं नावही तेच. आमचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर गेला, त्याला शेजारीच आपल्या नावाची फाइल दिसली, त्यानं ती उचलली. पाणीगेटच्या मशीनवर पोपटी पहिल्या सुईत असतो. आमच्या पहिल्या सुईत पांढरा.

"पण आपली फाइल आहे ना कॉम्प्युटरात?" मी विचारलं. "ती कुठे गेली?"

"कुठे गेली नाही, बाबा. आहे तिथेच आहे. पण प्रोग्राम आधी डिझाइनच्या शेजारी बघतो. तिथे नसेल तर जो माणूस कॉम्प्युटरवर बसलाय त्याच्या फोल्डरमध्ये बघतो. तिथेही नसेल तर दुकानाच्या फोल्डरमध्ये. पहिली सापडली की थांबतो."

"म्हणजे आईची फाइल शेवटी?"

"शेवटी म्हणजे... हो. कुणाचीच नसेल तेव्हा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "लाज वाटत नाही? पाहुणा दारात आला की तुझा प्रोग्राम आधी त्याच्या पिशवीत हात घालतो! त्याच्या पिशवीत काय घाण आहे ते बघत नाही, हुंगत नाही, सापडलं की तोंडात. घरातलं ताट वाढलेलं आहे तिकडे मग बघणार. कुत्रंसुद्धा आधी वास घेतं रे!"

"बाबा, सगळीकडे असंच ठेवतात."

"सगळीकडे म्हणजे कुठे? सगळीकडे पोपट पांढरे असतात का?"

मुलानं माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "ते आईनंच सांगितलं होतं."

मला वाटलं मेलेल्या माणसावर ढकलतोय. पण त्यानं नीट सांगितलं. एखाद्या बाईला ठरावीक छटा हवी असली की बायको त्या कामापुरता एखादा कोन बदलायची. मग त्या कामाची वेगळी फाइल डिझाइनच्या शेजारी ठेवायची आणि मुलाला म्हणाली होती, शेजारी फाइल असली तर तीच घे, मला दर वेळी मोठी फाइल बदलायला लावू नकोस. फक्त ती पेनड्राइव्हवरून कधी काही चालवायची नाही. आधी डिझाइन कॉम्प्युटरात घ्यायची, बरोबर आलेला कचरा काढून टाकायची, मग काम. तांदूळ निवडावेत तशी. ही तिची सवय. प्रोग्राममध्ये ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि मला दिसत असून मी कधी सुनेला सांगितली नव्हती, कारण मला वाटायचं तिला नुसतं रिकामं बसवत नाही म्हणून काहीतरी करतेय.

मी म्हटलं, "ते राहू दे. आता बदल. आईची फाइल पहिली. दुसरीकडे बघायचंच नाही. पिशवी नाही, फोल्डर नाही, काही नाही. विषय संपला."

मुलगा म्हणाला, "ठीक आहे. तेच सोपं आहे."

तेव्हा सून उठली. ती माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेली नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण स्टूल मागे सरकवलं त्याचा आवाज झाला.

"हुं थाकी गई, पप्पा."

"कशानं?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो मान हलवत होता, नको नको अशी. तिनं बघून घेतलं आणि तरी बोलली. आता कुणी मरून आणि बाटली-हिरवा मागत नाही. रानी गुलाबी, चमकणारा पिवळा, पोपटी, मोरपंखी, सगळं भडक मागतात. त्यातले निम्मे रंग मम्मींच्या, म्हणजे सासूच्या, बारा रंगांत नाहीतच, आणि असलेले टोकाला. म्हणून मी दुपारी जेवायला गेलो की ती सगळे कोन काढायची, आपले लावायची, आपली फाइल डिझाइनच्या शेजारी ठेवून काम करायची. आणि मी यायच्या आत पुन्हा सगळे काढून मम्मींचे होते तसे लावायची. रोज. पांढरा भिंतीकडे, मध्ये मरून, लाल-केशरीमध्ये काळा. पोपटांचे सगळे रंग मम्मींच्या बारात होते, म्हणून त्या दिवशी तिनं काहीच बदललं नव्हतं, शेजारी आपली फाइलही ठेवली नव्हती. मम्मींची फाइल लागेल म्हणून सरळ मशीन चालू केलं होतं.

"आणि तुम्ही येऊन बघायचे," ती म्हणाली, "आणि खूश व्हायचे. मला बरं वाटायचं. पण आता मम्मींचीच फाइल पहिली लावली तर मी काय करू? वर्षश्राद्ध झालं तरी तुम्ही हलवू देणार नाही. मला माहीत आहे."

मुलाला माहीत होतं. दोघांना माहीत होतं. त्या दोऱ्यांसमोर बसून इतके महिने मी जे बघत होतो ते माझ्यासाठी मांडून ठेवलेलं होतं, शोकेससारखं. मला त्या दोघांची चीड यायला हवी होती. आली नाही. किळस आली, ती माझ्याच त्या खूश होण्याची. लहान पोराच्या हातात बंद पडलेला मोबाइल देतात आणि ते कानाला लावून बोलतं, मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. तसा मी. आणि मशीनपाशी बायको दिसते म्हणत होतो, तेव्हा खरं तर समोर माझी सून होती, दोनदा दोरे बदलून दमलेली.

मुलगा शेवटी म्हणाला, "बाबा, आधी कुठे बघायचं ते तुम्ही ठरवा. मी तसं लिहितो. वाद नको."

मला घरी जायचं होतं. पण घरी कोण होतं, हे सांगायला? मी फ्रेमच्या ढिगावर बसलो आणि विचारलं, "पेनड्राइव्हवर बघायचंच नाही असं लिहिता येतं?"

"येतं. कॉम्प्युटरात घेतलेल्या डिझाइनच्या शेजारी बघायचं का?"

"काय शेजारी शेजारी लावलंयस! ती निवडून घ्यायची, म्हणून तिचं चालत होतं. तिच्यामागं कोण निवडणार? नाही बघायचं."

"मग?"

मी सुनेला विचारलं, "तुझ्या सुया तू कशा लावशील? दर कामाला नवं नाही. एकदाच."

तिनं बोटांवर रंग सांगितले. पांढरा तिनं पहिल्या सुईतून काढला. मला ते बघवलं नाही, पण ऐकून घेतलं.

"हे हिच्या फोल्डरमध्ये ठेव," मी मुलाला म्हणालो. "मशीनवर जो बसलाय त्याची फाइल आधी. त्याची नसेल तर दुकानाची. दुकानाची म्हणजे आईची, तिला हात लावायचा नाही. त्याच्या पलीकडे कुठे शोधत फिरायचं नाही, नाही सापडली तर सरळ बंद पडायचं. आणि ज्याची घेतली त्याचं नाव स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, मशीन सुरू व्हायच्या आधी. चोरून घ्यायचं नाही."

"दुकानाच्या फाइलला आईचं नाव देऊ?"

"नको. दुकानच लिही. आधीच हार घालून ठेवलाय तिला भिंतीवर, तेवढं पुरे."

मुलगा टाइप करायला लागला. सून हळूच म्हणाली, "पप्पा, तुमची पण एक फाइल बनवूया? तुम्ही कधी बसाल तर?"

"माझी नको."

"केम?"

"नको म्हटलं ना."

मुलानं वळून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं. तो पुन्हा टाइप करायला लागला.

पोपट पुन्हा भरले, वेळेत दिले. व्यापाऱ्यानं गठ्ठा घेताना एकही गोड शब्द काढला नाही. मीही त्याचा पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून परत दिला.

दिवाळीनंतर सून माहेरी गेली. तेव्हाच एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई ब्लाउजपीस घेऊन आल्या. मरूनवर सोनेरी वेल. माझ्या बायकोकडूनच करून घ्यायच्या. ती गेली हे त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं तर पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या, जायला निघाल्या. मी म्हटलं, "थांबा, करून देतो."

मला मशीन येत नाही असं नाही. इतकी वर्षं समोर बसलोय. मी माझ्या नावानं कॉम्प्युटर उघडला. मग सुनेचे बाराही कोन काढले आणि बायकोचे लावले. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नव्याची गाठ मारायची आणि सुईच्या नाकातून हळूच ओढून घ्यायचं. गाठ मोठी झाली की तुटतं. माझी मोठी व्हायची. पहिला पांढराच लावला. कंबर भरून आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते वाकून वाकून. मास्तरीणबाई बाकावर बसून होत्या, त्यांना चहा सांगितला तर म्हणाल्या, सावकाश होऊ द्या.

रंग लिहिले. प्रोग्रामनं माझं फोल्डर बघितलं, तिथे काही नव्हतं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं: दुकान.

मी बटण दाबलं. सोनेरी दोरा वाटेत तुटला, परत ओवला. वेल बरी आली. बाईंनी वेलीवरून बोट फिरवलं, ब्लाउजपीस पिशवीत घातला आणि गेल्या.

दोन दिवसांनी सून आली. चप्पल काढता काढता तिची नजर मशीनकडे गेली.

"पप्पा! आ बधुं पाछुं कोण लगावशे?"

"मीच. आता तुझेच परत लावतोय. जरा दम खाऊ दे."

"दम खा, दम खा," ती म्हणाली, आणि पदर खोचून दुसऱ्या टोकापासून कोन काढायला लागली. मी उठून माझ्या बाजूनं लागलो. मध्यावर आलो तेव्हा मी तिचा रानी गुलाबी उचलला, तर तिनं माझ्या मनगटाला धरलं.

"हाथ धोया छे? तेलना डाघ पडशे."

धुतले नव्हते. मी मोरीवर गेलो.